क्वासारच्या लाइट कर्व्हवर काम सुरू करताना

कृष्णविवरांवर संशोधन करायचं म्हणून येणारी बहुतेक मुलंमुली सापेक्षतावादाची जय्यत तयारी करून आलेली असतात. पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात पडते ती तीन रकान्यांची सारणी. तारीख, तेजस्विता, त्रुटी. खाली काही शे ओळी, आणि मध्येच कुठेतरी चार-पाच महिन्यांचं खिंडार. चेहरे उतरतात. मी अतिभारी कृष्णविवरांभोवतीच्या तबकड्यांचा अभ्यास अशाच सारण्यांवरून करते, आणि या विषयात यायचं तर काय शिकू, कुठून सुरुवात करू, पुढे पोटापाण्याचं काय, असं विचारणाऱ्या मेल अधूनमधून येत असतात. त्यांना तुकड्यातुकड्यांत दिलेली उत्तरं इथे एकत्र करते आहे. एमएस्सी फिजिक्सवाले, इंजिनिअरिंगकडून वळू पाहणारे आणि बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातले, असे वाचणारे डोळ्यांसमोर आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे. लाइट कर्व्ह, म्हणजे तेजस्विता काळाबरोबर कशी बदलली याचा आलेख, मिळवणं आता फार सोपं झालंय. त्याच्याकडे बघून काय म्हणता येत नाही हे ओळखायला मात्र वर्षं जातात, आणि चांगला मार्गदर्शक तुमच्यात तेच शोधत असतो.

तबकडी दिसत नाही, मग मोजायचं काय?

मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रात लाखो ते अब्जावधी सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू सरळ आत पडत नाही. कोनीय संवेगामुळे तो फिरत राहतो, त्याची चपटी तबकडी होते आणि आत सरकता सरकता ती तापते. हीच ॲक्रिशन डिस्क. ती आख्ख्या दीर्घिकेहून तेजस्वी झाली की त्या केंद्राला क्वासार म्हणतात, त्याहून मंद आणि जवळच्या केंद्रांना सेफर्ट. शाकुरा आणि सुन्याएव या दोघांनी १९७३ मध्ये तिचं जे गणित मांडलं, ते आजही सगळ्यांना पहिल्यांदा शिकवलं जातं. आतला भाग तप्त, बाहेरचा त्या मानाने थंड, आणि तापमान त्रिज्येच्या पाऊण घाताने उतरत जाणारं. म्हणजे अतिनील प्रकाश आतून येतो, निळा जरा बाहेरून, लाल आणखी बाहेरून.

आता आकाराचा हिशोब करा. भूतप तारकासमूहात, म्हणजे स्वाती ज्यात आहे त्या समूहात, एनजीसी ५५४८ नावाची दीर्घिका आहे. आमच्या क्षेत्रात हिच्याइतका छळ दुसऱ्या कुणाचा झाला नसेल. ती सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे, आणि तिच्या तबकडीचा दृश्य प्रकाश देणारा भाग साधारण प्रकाशदिवसाच्या मापाचा. एवढ्या अंतरावरून एका प्रकाशदिवसाचा कोन भरतो जेमतेम दोन मायक्रोआर्कसेकंद (एक म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाचाही दहा लाखावा भाग). इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने २०१९ मध्ये दाखवलेलं एम८७चं कडं ४२ मायक्रोआर्कसेकंदांचं होतं, आणि तेवढ्यासाठी जगभरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जुंपाव्या लागल्या. तेव्हा फोटोचा नाद सोडायचा. पण कोन मोजता येत नसला तरी प्रकाशाला लागणारा दिवस मोजता येतो. सगळा उद्योग उभा आहे तो यावर.

या तबकड्यांचा उजेड कमी-जास्त होतो हे क्वासार ओळखले गेले त्याच वर्षी कळलं होतं. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या क्वासारचा रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला याचं माप, अक्षर झेड) ०.१५८ असल्याचं ताडलं. त्याच वर्षी हार्लन स्मिथ आणि डोरिट हॉफलाइट यांनी हार्वर्डच्या जुन्या फोटोप्लेट्स उकरून काढल्या आणि दाखवलं की ताऱ्यासारखा दिसणारा हा ठिपका कित्येक दशकांपासून बदलतोय. त्या प्लेट्स घेणाऱ्यांना क्वासार ही चीज ठाऊकच नव्हती. आमच्या धंद्यातला निम्मा माल अजून असाच येतो, दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी आकाश टिपून ठेवलेलं असतं.

३सी २७३बद्दल एक सावधगिरी. तो सर्वांत तेजस्वी क्वासार, साधारण १२.९ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा जितका मोठा तितकं मंद), त्यामुळे हौशी मंडळींनाही आठ-दहा इंची दुर्बिणीतून सापडतो आणि पहिला प्रोजेक्ट म्हणून सगळे तोच घेतात. त्याला जेट, म्हणजे केंद्रातून प्रचंड वेगाने सुटणारा झोत, आहे, आणि त्याच्या बदलात जेटचाही वाटा असतो. तबकडी शिकायची तर जेटचा धिंगाणा नसलेलं एखादं सेफर्ट केंद्र निवडा.

पाठ करून ठेवायचे आकडे

बाकी सूत्रं पुस्तकात बघता येतात, हे मात्र तोंडपाठ हवेत. १० कोटी सूर्यांइतकं कृष्णविवर घ्या. त्याची गुरुत्वीय त्रिज्या (जीएम भागिले सी वर्ग) निघते जवळपास १५ कोटी किलोमीटर, म्हणजे आपलं पृथ्वी-सूर्य अंतर. योगायोगच, पण लक्षात ठेवायला फार सोयीचा. प्रकाशाला ते ओलांडायला आठ मिनिटं. आता अशा शंभर त्रिज्यांवर जा. तिथवर प्रकाश पोचायला सुमारे १४ तास. तिथल्या वायूची एक फेरी सुमारे ३६ दिवसांची. तो वायू तापायला किंवा निवायला लागणारा काळ, स्निग्धतेचा अल्फा (शाकुरा-सुन्याएव प्रतिमानात वायू किती घासतो याचा आकडा) ०.१ धरला तर, साधारण दोन महिने. आणि वायू तिथून आत सरकून कृष्णविवरापर्यंत पोचायचा काळ, तबकडीची जाडी त्रिज्येच्या शंभराव्या भागाएवढी धरली, तर दीड हजार वर्षांच्या घरात.

तास, आठवडे, महिने, हजारो वर्षं. लाइट कर्व्हमध्ये काहीही दिसलं की पहिला प्रश्न हाच, की हे यातल्या कोणत्या काळाशी जुळतं? वस्तुमान वाढलं की हे सगळे आकडे त्याच प्रमाणात वाढतात, म्हणून एका क्वासारचा महिना दुसऱ्याच्या वर्षाबरोबर असू शकतो. शिवाय रेडशिफ्टचं देणं वेगळं. दूरच्या क्वासारचं घड्याळ आपल्याला (१+झेड) पटीने संथ दिसतं. झेड १ असेल, तर तिकडचे शंभर दिवस इकडे दोनशे. हा भागाकार करायला विसरलेले तक्ते सेमिनारमध्ये दर वर्षी निदान एकदा तरी पडद्यावर येतात.

याच आकड्यांमुळे सध्याचं एक मोठं कोडं उभं राहिलंय. शेवटचा काळ हजारो वर्षांचा असेल, तर आख्ख्या तबकडीची चमक दहा-वीस वर्षांत मोठ्या प्रमाणावर बदलता कामा नये. प्रत्यक्षात बदलते. २०१५ मध्ये स्टेफनी लामासा आणि सहकाऱ्यांनी असा एक क्वासार दाखवला, की ज्याचा केंद्रीय उजेड दहाएक वर्षांत ओसरला आणि वर्णपटातल्या रुंद रेषा, म्हणजे कृष्णविवराभोवती वेगाने फिरणाऱ्या वायूच्या खुणा, जवळजवळ पुसल्या गेल्या. अशांना आता चेंजिंग-लुक म्हणतात, आणि त्यांची यादी वाढतेच आहे. १ईएस १९२७+६५४ या दीर्घिकेने तर कहर केला. २०१७च्या अखेरीस तिचं केंद्र दृश्य प्रकाशात एकदम उजळलं, पाठोपाठ क्ष-किरण देणारा कोरोना, म्हणजे कृष्णविवराजवळचा अतितप्त वायू, जवळजवळ नाहीसा झाला आणि काही महिन्यांत परत उभा राहिला. पुस्तकातली तबकडी असं वागत नाही. नव्याने येणाऱ्याने इथे निराश होऊ नये. विषयाचा पाया हलतोय, म्हणजेच काम शिल्लक आहे.

यादृच्छिक चाल आणि खोटे ठोके

बहुतेक क्वासार असं नाट्य करत नाहीत. महिन्या-वर्षांत दहा-वीस टक्के वर, दहा-वीस टक्के खाली, आणि उजळले की थोडे निळे होतात. या चढउताराचं वर्णन करायला २००९ पासून एक साधं प्रतिमान रुळलं आहे, डॅम्प्ड रँडम वॉक. प्रत्येक पाऊल यादृच्छिक, पण सरासरीपासून फार लांब गेलं की हळूहळू मागे ओढणारं. त्याला दोनच आकडे लागतात, बदल किती मोठा आणि मागे ओढायला किती काळ लागतो. २०२१ मध्ये सायन्स नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात हा काळ कृष्णविवराच्या वस्तुमानाबरोबर वाढताना दिसला. १० कोटी सूर्यांना साधारण शंभर दिवस. वर काढलेले दोन महिने आठवा, दोन्ही आकडे एकाच घरातले. म्हणून हे चढउतार तबकडीच्या तापण्या-निवण्याशी जोडलेले असावेत असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही.

इथे नवख्यांची गाडी एका जागी हमखास अडते. तो काळ विश्वासाने काढायचा तर लाइट कर्व्ह निदान त्याच्या दहापट लांब हवा, हे शिमोन कोझ्लोव्स्की यांनी २०१७ मध्ये सिम्युलेशन करून दाखवलं. शंभर दिवसांसाठी हजार. झेड १ असेल तर दोन हजार, म्हणजे साडेपाच वर्षं. तीन वर्षांच्या विदेवर (डेटावर) सॉफ्टवेअर चालवलं तरी उत्तर येतंच, त्रुटीसकट, व्यवस्थित छापून. सॉफ्टवेअर कधीच म्हणत नाही की बाबा रे, तुझी विदा आखूड आहे.

दुसरा सापळा याहून गोड आहे. यादृच्छिक चाल लांबून बघितली की तिच्यात लाटा दिसतात. दोन-अडीच लाटा दिसल्या की माणूस साइन वक्र बसवतो, आणि साइन बसला की लगेच दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरताना दिसू लागतात. पीजी १३०२-१०२ हा क्वासार २०१५ मध्ये गाजला तो असाच. पाचेक वर्षांचा ठोका (ठराविक काळाने परत येणारा चढउतार), नेचरमध्ये लेख, जोडकृष्णविवराचा दावा. पुढच्याच वर्षी सायमन व्हॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की निव्वळ यादृच्छिक वक्रांतही, तेवढ्याच नोंदी आणि तेवढाच काळ धरला, तर असे ठोके सहज सापडतात. हजारो क्वासार चाळल्यावर दोन-चार तरी तसे निघणारच. ओजे २८७ या दीर्घिकाकेंद्राचं प्रकरण निराळं आहे. तिथल्या बारा वर्षांच्या ठोक्यामागे शतकभराच्या नोंदी आहेत. त्याच्या जोडकृष्णविवर प्रतिमानावरून २०१९च्या ३१ जुलैला भडका होईल असं भाकीत होतं. त्या वेळी तो जमिनीवरून सूर्याआड होता, आणि स्पिट्झर दुर्बिणीने तो भडका टिपला. या प्रतिमानाच्या कामात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) संशोधकांचा मोठा वाटा आहे. तरीही त्यावरचा वाद मिटलेला नाही.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला पहिलं काम खऱ्या क्वासारचं देत नाही. संगणकावर शे-दोनशे खोटे लाइट कर्व्ह बनवायचे, त्यातून दर वर्षीचे उन्हाळे-पावसाळे कापून टाकायचे, पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री वगळायच्या, आणि मग त्यात ठोके शोधायचे. सापडतात! वर्षाचे सापडतात, साडेएकोणतीस दिवसांचे सापडतात, मनाला येतील तसले सापडतात. हा एक आठवडा ज्याने प्रामाणिकपणे घालवला, त्याला पुढची निदान दोन वर्षं कुणी फसवू शकत नाही.

प्रतिध्वनी

तबकडीचा आकार काढायची रीत अशी. कृष्णविवराजवळच्या कोरोनातून क्ष-किरण निघतात आणि तबकडीवर पडतात. चमक वाढली की आधी आतला तप्त भाग उजळतो, मग बाहेरचा. म्हणजे आधी अतिनील, मग निळा, मग लाल. दोन रंगांच्या वक्रांमधला उशीर मोजला, की त्या दोन कड्यांमधलं अंतर मिळालं. शाकुरा-सुन्याएव बरोबर असतील, तर हा उशीर तरंगलांबीच्या ४/३ घाताने वाढायला हवा.

२०१४ मध्ये एनजीसी ५५४८वर याची जंगी परीक्षा झाली. हबलने सहाएक महिने जवळजवळ रोज तिचा अतिनील वर्णपट घेतला, जोडीला स्विफ्ट उपग्रह आणि जमिनीवरच्या पुष्कळ दुर्बिणी. मोहिमेचं नाव एजीएन स्टॉर्म. क्रम तंतोतंत अपेक्षेसारखा निघाला, तरंगलांबीबरोबर उशीरही वाढला, पण तबकडी प्रतिमानापेक्षा सुमारे तिप्पट मोठी! गुरुत्वीय सूक्ष्मभिंगाच्या, म्हणजे मधल्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांनी वाकवलेल्या प्रकाशाच्या, पूर्णपणे वेगळ्या रीतीनेही तबकड्या मोठ्याच निघत होत्या. वर क्ष-किरणांचा वक्र अतिनीलाशी धड जुळेना, आणि मोहिमेच्या मध्यावर सुमारे दोन महिने रुंद रेषांनी केंद्राकडे बघणंच सोडलं, म्हणजे केंद्राच्या चढउताराबरोबर बदलणं थांबवलं. लोक त्याला रेषांची सुट्टी म्हणतात.

या तिपटीचं काय करायचं यावर मतं आहेत, माझंही एक आहे. उशिराच्या आलेखात यू-बँडपाशी, ३६४६ अँगस्ट्रॉमच्या बामर सीमेजवळ, एक फुगवटा येतो. तो तबकडीचा नाही, बाहेरच्या वायूच्या ढगांतून येणाऱ्या पसरट प्रकाशाचा आहे. तो वायू बाकीच्या रंगांतही थोडाफार मिसळलेला असणार. तेव्हा मोजलेला उशीर हा निव्वळ तबकडीचा उशीर नव्हे. तो हिस्सा नीट वेगळा काढल्याखेरीज जुनी तबकडी भंगारात काढायची घाई मी करणार नाही. माझे काही सहकारी यावर भांडायला उठतील, उठू देत. पुढची मोठी मोहीम मार्केरियन ८१७वर झाली. ती दीर्घिका उत्तर ध्रुवाकडे असल्याने वर्षभर दिसते आणि खिंडारं पडत नाहीत, म्हणून मुद्दाम निवडली होती. मोहीम सुरू झाली तर तिच्या केंद्रासमोर वायूचा पडदा येऊन उभा!

उशीर मोजायची हत्यारं ठरलेली आहेत. क्रॉस-कोरिलेशन, म्हणजे एक वक्र मागेपुढे सरकवून दुसऱ्याशी कुठे सर्वांत चांगला जुळतो ते बघणं, सगळ्यांत जुनं आणि समजायला सोपं. त्रुटी काढायला विदेतले बिंदू पुन्हापुन्हा यादृच्छिक निवडून तेच गणित हजार वेळा करायचं. जॅव्हलिन नावाचं पॅकेज रँडम वॉक गृहीत धरून मधली भोकं भरतं. दोन्ही चालवा. उत्तरं जुळली नाहीत, तर आकर्षक दिसणारं उत्तर घेऊ नका, का जुळली नाहीत ते शोधा.

विदा हातात घेताना

सुरुवातीला सर्वांत सोयीचं म्हणजे झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी, झेडटीएफ. कॅलिफोर्नियातल्या पालोमारची ४८ इंची दुर्बीण, एका वेळी ४७ चौरस अंश आकाश टिपणारा कॅमेरा, २०१८ पासून दर दोन-तीन रात्रींनी उत्तरेचं सगळं आकाश, २०.५ प्रतीपर्यंत. ही दुर्बीण कामाला लावण्यात पुढाकार होता श्रीनिवास कुलकर्णी यांचा, जन्म आपल्या कुरुंदवाडचा. विदा फुकट उतरवून घेता येते, त्याला ओळखपाळख लागत नाही. गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही एका क्वासारची फाइल सहज उतरते.

उतरवल्यावर मात्र हात आखडता घ्या. एकाच क्वासारला वेगवेगळ्या फील्ड (आकाशाचे ठरवलेले तुकडे) आणि सीसीडी (कॅमेऱ्याच्या चिप) यांमुळे तीन-चार ओळख क्रमांक असतात. ते सरसकट एकत्र केले, तर दोघांमधला कॅलिब्रेशनचा फरक तुम्हाला भौतिकशास्त्र वाटायला लागेल. कॅटफ्लॅग्ज, म्हणजे खराब नोंदींवर खूण करणारा रकाना, शून्य असलेल्याच नोंदी ठेवा. जवळच्या सेफर्टमध्ये केंद्राभोवती दीर्घिकेचा स्थिर उजेड असतो, आणि दुधात पाणी घालावं तसा तो चढउतार पातळ करतो. त्याहून वाईट म्हणजे वातावरण अस्थिर असलेल्या रात्री ताऱ्याची प्रतिमा पसरते, मोजणीच्या वर्तुळात (ॲपर्चरमध्ये) मावणारा दीर्घिकेचा वाटा बदलतो आणि क्वासार बदलला असं दिसतं. त्यावर उपाय म्हणजे संदर्भप्रतिमा वजा करून केलेली फोर्स्ड फोटोमेट्री, म्हणजे ठरलेल्या जागीच केलेली तेजमोजणी. ती झेडटीएफ मागणीनुसार करून देते. तिच्यात फ्लक्स (मिळालेला प्रकाश) उणेही येऊ शकतो. घाबरून त्या नोंदी फेकू नका, आणि मॅग्निट्यूडमध्ये रूपांतर करायच्या भानगडीत तर पडूच नका, लॉगॅरिदम उण्याचा निघत नाही.

आणि शेजारच्या ताऱ्याचा वक्र काढल्याशिवाय कुणाला काही दाखवू नका. त्याच फील्डमधला, साधारण तेवढ्याच प्रतीचा, न बदलणारा तारा. क्वासारने ज्या रात्री उडी मारली त्याच रात्री त्यानेही मारली असेल, तर उडी ढगाची आहे.

झेडटीएफची मर्यादाही कळायला हवी. दोन-तीन दिवसांनी एक नोंद आणि मोजायचा उशीर दिवसाच्या आसपासचा. बहुतेक लक्ष्यांना ते पुरत नाही. तरी निवडक तेजस्वी केंद्रांसाठी जमतं, नैनितालच्या एरीज वेधशाळेतल्या मंडळींनी याच विदेवरून तबकड्यांचे आकार काढले आहेत. जास्त दाट नोंदी हव्यात तर स्वतःची दुर्बीण लावावी लागते. लडाखमध्ये हानलेला, ४५०० मीटर उंचीवर, दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे आणि आयआयटी मुंबई व बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची (आयआयए) ग्रोथ-इंडिया ही ०.७ मीटरची रोबोटिक दुर्बीणही. अशा कामाला मोठी दुर्बीण लागत नाही, रोज हाताशी असलेली लागते, त्यामुळे मला ती छोटीच जास्त आवडते. एरीजची देवस्थळला ३.६ मीटरची आणि १.३ मीटरची आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून गिरावलीला आहे, पण सह्याद्रीच्या कुशीत असल्यामुळे पावसाळ्यात ती बंद. जूनपासून पुढचं कुठलंही खिंडार बघितलं की मला तिथले ढग आठवतात. अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी हवे असतील तर २०१५ मध्ये गेलेला आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह आहे, त्याची जुनी विदा खुली आहे आणि तिच्यात अजून पुष्कळ न उघडलेलं पडलंय.

पुढे चिलीतली रुबिन वेधशाळा. ८.४ मीटरचा आरसा, सहा रंग, दहा वर्षं. पहिल्या प्रतिमा २०२५च्या जूनमध्ये आल्या. बदलाचे इशारे जगभर सगळ्यांना खुले आहेत, पूर्ण विदा मात्र सुरुवातीची दोन वर्षं हक्क असलेल्यांनाच. आज बीएस्सीला असणाऱ्याची पीएचडी बहुधा हिच्यावरच होईल.

अभ्यास, प्रवेश, पैसे

सामान्य सापेक्षतावाद आला तर उत्तम, पण रोज लागत नाही. रोज लागतं ते संख्याशास्त्र. संभाव्यता, बेझचा नियम, फूरिए, कालमालिका, हे बीएस्सीच्या पुस्तकांत फारसं नसतं, स्वतः शिकावं लागतं. पायथन हवंच. ॲस्ट्रोपाय वापरता आलं, आलेखाला नीट अक्षांची नावं देता आली, की निम्मी लढाई झाली. भौतिकशास्त्रात प्रारणस्थानांतरण आणि द्रवगतिकीची तोंडओळख पुरे. संगणकशास्त्राकडून येणाऱ्यांना मशीन लर्निंगचा मोह फार. ते हवंय, रुबिनच्या काळात तर फारच. पण शंभर वक्र स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय लाखाचं वर्गीकरण करू नये.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी पेपर वाचायची धास्ती असते. पेपर पहिल्या ओळीपासून वाचूच नका. आधी आकृत्या आणि त्यांच्या खालच्या ओळी, मग शेवटचा निष्कर्ष, मग लागेल तेवढंच मधलं. आर्काइव्ह या संकेतस्थळावर सगळे पेपर फुकट आहेत. आम्हीही असेच वाचतो, फक्त सांगत नाही.

प्रवेशासाठी जेस्ट, नेट, गेट यांपैकी काय चालतं ते संस्थेगणिक आणि वर्षागणिक बदलतं, संकेतस्थळावर बघा. आयुकाचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम आणि भारतीय विज्ञान अकादमीची उन्हाळी फेलोशिप, या दोन्हींकडे एमएस्सीत असतानाच लक्ष ठेवा. पीएचडीला पाच-सहा वर्षं. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोला) महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, शिवाय घरभाडं नियमाप्रमाणे. घरच्यांना हे आकडे आधी सांगा, कृष्णविवर नंतर. आमच्या आईचा प्रश्न अजून तोच आहे, "पण तुला ते दिसतं का गं?" नाही म्हटलं की ती शेजारच्या काकूंकडे बघते.

नंतरचं चित्र गुलाबी नाही. दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक नोकऱ्या, बहुधा परदेशात, आणि कायम जागा थोड्या. माझ्याबरोबरचे बरेच जण आज बँकांत आणि विमा कंपन्यांत आहेत, तिथेही तारीख, रक्कम आणि त्रुटी असेच रकाने असतात. त्यांना कमी लेखणारी संस्कृती काही ठिकाणी आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करा.

मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावापेक्षा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला. किती वर्षं लागली, पहिला पेपर कधी झाला, दुर्बिणीचा वेळ कुणाच्या नावावर मागितला जातो, एवढं विचारलं तरी चित्र दिसतं. मेल लिहिताना "लहानपणापासून अवकाशाची आवड" हे वाक्य गाळा, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी एका सेफर्टचा लाइट कर्व्ह जोडा, शेजारच्या ताऱ्यासकट, आणि खाली दोन ओळी, की या विदेतून मला अमुक म्हणता येतं आणि अमुक म्हणता येत नाही. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज भरायची मुदत जवळ असेल तर मात्र तो आठवडा जाऊ द्या.